पुण्याचं काम आणि पगाराचं काम

(या महिन्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत पुण्याच्या वेशीवरच्या एका वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मावशी. २००८ साली आया म्हणून लागल्या, आता वॉर्डच्या इनचार्ज आहेत. त्यांचं आणि आश्रमाचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून छापलेलं नाही. उत्तरं त्यांनी ड्युटी संपल्यावर फोनवर सांगितली, आम्ही उतरवून घेतली. पत्रं जागेअभावी लहान केली आहेत.)

मावशी, माझा प्रश्न असा काही नाही. तुम्ही करता ते पुण्याचं काम आहे, आम्हाला ते जमलं नसतं. फक्त नमस्कार कळवायचा होता.
– एक वाचक, डोंबिवली

नमस्कार पोचला. पण एक सांगू का, रागावू नका. हे वाक्य मी आठवड्यातनं तीन-चारदा ऐकते. नव्यानं लागले तेव्हा एक पाहुणे बाई म्हणाल्या, ‘किती पुण्याचं काम’. मला वाटलं शहराचं विचारताहेत. म्हटलं, हो, पुण्याचंच, पण हद्दीबाहेर आहे, पीएमटी फाट्यापर्यंतच येते. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

आता अर्थ कळतो, आणि त्यातली गोमही कळते. एकदा पुण्य म्हटलं की पगाराचं तोंड उघडता येत नाही. मी २००८ ला लागले ते महिना २,२०० रुपयांवर. वाढ मागायला गेले तर ऑफिसातले साहेब म्हणाले, ‘मावशी, हे सेवेचं काम आहे.’ साहेब चांगलेच होते, खोटं कशाला बोलू. पण आमच्या गल्लीतला गिरणीवाला दळणाचे पैसे पुण्यात घेत नव्हता. नमस्काराबरोबर हेही छापा.

मी २२ वर्षांची, बारावी झालेली. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी वृद्धाश्रमात काम लावून देते म्हणून सांगितलंय. राहून-खाऊन पगार आहे. आई म्हणते, ‘लोकांची घाण काढायला जायचं का आता?’ नेमकं काय काम असतं?
– एक मुलगी, फलटण

बाळ, आईशी भांडू नको. ती म्हणते ते अर्धं खरंच आहे. घाण काढावीच लागते, आणि ती दिवसात एकदा काढून भागत नाही.

आमच्याकडे ड्युटी बारा तासांची, आठ ते आठ. आल्याबरोबर नाईटची बाई हँडओव्हर देते. कोण झोपलं नाही, कोणाची युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, किती भरली, कोणाला जुलाब झाले, कोणी रात्रीची गोळी थुंकून उशीखाली ठेवली. हा हँडओव्हर नीट कान देऊन ऐकायचा, अर्धं काम तिथंच होतं. माझ्या वॉर्डात २६ जण आहेत, त्यातले ११ बेडवरचे. बेडवरच्यांचं आधी करायचं: तोंड धुणं, कवळी काढून घासणं, स्पंजिंग, डायपर, चादर, पावडर. मग नाश्ता, मग औषधं सिस्टरच्या हाताखाली. मग चालत्या-फिरत्यांची आंघोळ, आणि तिथं भांडणं. कडक पाण्याची भांडणं, साबणाची भांडणं, ‘काल तिला आधी नेलंत’ची भांडणं. दुपारी दोनला जरा शांतता. चारला चहा. आणि ह्या सगळ्यामध्ये दर दोन तासांनी बेडवरच्यांना कूस बदलून द्यायची. हे दोन तास तुझ्या अंगात घड्याळासारखे बसतात. मी गावाला भावाकडे गेले तरी रात्री दोन-दोन तासांनी जागी होते.

कूस का, ते सांगते, कारण सुरुवातीला मला कोणी सांगितलं नव्हतं. माणूस एकाच बाजूला पडून राहिला की माकडहाड, टाचा, कंबरेची हाडं, कोपरं, डोक्याची मागची बाजू, इथलं रक्त दबून जातं आणि कातडी आतून मरायला लागते. पुस्तकात लिहितात लाल डाग दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर कसला लाल दिसतोय! जांभळट, काळपट दिसतं. मी हाताची पालथी बाजू लावून बघते. आजूबाजूपेक्षा गरम लागलं, टणक लागलं, की वहीत लिहायचं आणि त्या कुशीवर ठेवायचं नाही. पूर्वी आम्ही तिथं स्पिरिट लावून खसाखसा चोळायचो. ते चुकीचं होतं, चोळल्यानं आतलं आणखी फाटतं. किती जणांना चोळलं असेल मी.

आता घाणीचं. पहिल्या दिवशी मला एका आजींकडे पाठवलं. मोठ्या घरच्या, तेलकट वेणी, हातात एकच काचेची बांगडी. मी डायपर उघडला तशी त्यांनी मान भिंतीकडे फिरवली आणि डोळे गच्च मिटले. मला उमासा आला होता, पण त्यांचं ते डोळे मिटणं बघून माझाच उमासा गेला. काय बोलावं सुचेना. मी आपलं म्हटलं, ‘आज मेथीची जुडी पंधराला सांगत होता.’ आजी गप्प. मी पुसून घेतलं, पुढून मागे, असंच पुसायचं असतं बायकांचं, नाहीतर लघवीला जंतू लागतात. पावडर लावली. आजी भिंतीकडेच तोंड करून म्हणाल्या, ‘पंधरा? दहाला दोन मागायच्या.’ त्या दिवसापासून रोज डायपर आणि भाजीचे भाव. मेथी, शेपू, अंबाडी. चार वर्षं चाललं. त्या गेल्या तेव्हा मला शेपूचा भाव माहीत नव्हता असा एकही दिवस गेला नव्हता.

तू जाणार असशील तर चार गोष्टी आधी विचार. पगार हातात किती आणि कापतात किती. आठवड्याची सुट्टी पक्की आहे का. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड काढून देतात का, कारण ह्या कामात कंबर जाते, लिहून ठेव. आणि रात्री वॉर्डात एकटीला ठेवतात का. उचलताना कधी कंबरेतून वाकून उचलू नको. गुडघे मोडायचे, माणसाला आपल्या अंगाजवळ घ्यायचं, आणि दुसऱ्या बाईला हाक मारायची. लाजायचं नाही हाक मारायला. जमलं तर आधी सहा महिन्यांचा जीडीएचा, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स कर, म्हणजे तुला ‘ए मुली’ ऐवजी नावानं हाक मारतील.

आणि आईला सांग, हातमोजे असतात.

आईला नाशिकच्या एका आश्रमात ठेवलंय. दर महिन्याला जातो. सगळं छान दिसतं, बागही आहे. पण खरंच नीट बघतात का, हे कसं ओळखायचं? तिथल्या मुली तिला ‘ए आजी, चल ऊठ’ म्हणतात, तेही खटकतं.
– मुलगा, ठाणे

तुम्ही कितीला जाता? अकराला ना? सगळे अकरालाच येतात. अकराला आम्हीसुद्धा गजरे माळून बसलेलो असतो. एकदा संध्याकाळी सातला जा, जेवणं चालू असताना. किंवा रविवारी, जेव्हा निम्मा स्टाफ सुट्टीवर असतो.

बाग बघू नका. आईच्या टाचा बघा. नखं बघा. ओठ सुकलेत का, जीभ कोरडी आहे का. पाण्याचा तांब्या हात पोचेल असा ठेवलाय की कपाटावर शोभेला. बेल वाजवून बघा आणि किती वेळात कोण येतं ते बघा. मऊ भात भरवताना बसवतात की आडवंच ठेवून चमचे कोंबतात. आडव्या माणसाला भरवलं की घास श्वासात जातो, आणि मग छातीत कफ होऊन दवाखाना. चमचा दिल्यावर गिळलं का हे बघून दुसरा देणारी मुलगी सापडली, तर तिचं नाव लक्षात ठेवा. तिच्याबद्दल ऑफिसात चांगलं बोला. तक्रारी सगळे करतात.

‘ए आजी’चं म्हणाल, तर ते आवाजावर आहे. आमच्याकडे एक कोकणातली मुलगी होती, सगळ्यांना अरे-तुरे, पण तिच्या हातनं जेवायला म्हातारी माणसं ताटकळून बसायची. आणि एक होती ‘अहो आजी, प्लीज’ म्हणणारी. तिचा हात इतका खरखरीत की तिची ड्युटी कळली की आज्या सकाळपासून कुरकुरायच्या. तरी तुमच्या आईला काय म्हटलेलं आवडतं ते तुम्हीच सांगायला हवं. आमच्याकडे फॉर्मवर आजार लिहितात, औषधं लिहितात, डिपॉझिट लिहितात. चहा कसा लागतो हे लिहायला जागाच नाही. एक कोरा कागद घ्या आणि लिहून द्या. आई काय नोकरी करायची, कोणत्या कुशीवर झोपते, अंधार चालतो का, कोणाचं नाव घेतलं की रडते, देवाला काय म्हणते. तो कागद बेडच्या डोक्याशी चिकटवा. असा कागद आणणारे नातेवाईक मला १७ वर्षांत पाच-सहा भेटले असतील.

वडील ८१. स्मृतिभ्रंश आहे. गेल्या वर्षी आश्रमात ठेवलं. रोज संध्याकाळी ‘मला जायचंय’ म्हणून दार हलवतात. आणि आई कुठेय विचारतात. आई जाऊन नऊ वर्षं झाली. खरं सांगायचं की खोटं?
– मुलगी, कोल्हापूर

ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आमच्याकडे एक आजोबा होते. संध्याकाळी पाच वाजले की उशीचा अभ्रा काढायचे, त्यात पेपर, चादर, दुसऱ्याचा टॉवेल, जे हाताला लागेल ते भरायचे, खांद्याला लावायचे आणि गेटकडे. अडवलं की काठी उगारायचे. मी सांगून बघितलं, ‘आजोबा, तुम्ही रिटायर झालात, आता कुठं जायचं?’ तर एक दिवस काठी माझ्या मनगटावर बसली. डॉक्टरांनी झोपेची गोळी वाढवली. मग दिवसभर तोल जाऊन भिंतीला धडकायचे.

ह्या आजारात संध्याकाळी घालमेल वाढते, हे बऱ्याच जणांचं होतं. दिवे लागायची वेळ, सावल्या लांब होतात, स्टाफची ड्युटी बदलते, सगळी लगबग. मी तेवढंच समजत होते. एकदा त्यांची मुलगी आली, तिला सहज विचारलं, बाबा संध्याकाळी कुठं जायचे हो? ती म्हणाली, ‘बाबा आरएमएसमध्ये सॉर्टर होते. रेल्वेच्या डब्यात रात्रभर टपाल लावायचे. संध्याकाळी पाचला जेवणाचा डबा घेऊन निघायचे.’

घ्या. म्हणजे माणूस वेड्यासारखं काही करत नव्हता. त्याची गाडी चुकत होती, आणि आम्ही त्याला धरून ठेवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातनं जुने लिफाफे मागून आणले. लग्नपत्रिकांचे, लाइटबिलाचे, बँकेचे. दोनशेक असतील. पाचला त्यांच्या बेडवर ढीग ओतला आणि म्हटलं, साहेब, टपाल आलंय. त्यांनी अभ्रा खाली ठेवला. चष्मा लावला. आणि जे बोटं चालायला लागली बघा! पत्ता पुरता वाचायचेही नाहीत, नुसता पिनकोड बघायचे आणि टाकायचे. चाराचे चारात. स्वतःच्या मुलीचं नाव ज्यांना येत नव्हतं त्यांना ४१३ म्हणजे सोलापूरची बाजू हे येत होतं. एकदा एक लिफाफा माझ्यासमोर धरला आणि कडक आवाजात म्हणाले, ‘बाई, ह्याच्यावर पिन नाही. हे परत जाणार.’ मी पेन आणून करमाळ्याचा पिन लिहिला, माझ्या माहेरचा. त्यांनी बघितलं, मान हलवली, टाकला सोलापुरात. आठ वाजता दमून जेवायचे आणि झोपायचे. गोळी कमी करायला डॉक्टरांना मीच सांगितलं. रात्री मी ते सगळे लिफाफे परत एकत्र कालवायची.

तर ताई, तुमचे वडील संध्याकाळी कुठं जायचे ते आठवा. दुकान बंद करायला? म्हशी सोडायला? तालमीत? ते आश्रमाला सांगा.

आईचं. मी सुरुवातीला खरं सांगायची. ‘आजोबा, त्या वारल्या.’ मग ते रडायचे, खरंखुरं, आत्ता बातमी आल्यासारखं. अर्ध्या तासानं परत विचारायचे, परत तेच रडणं. एका दिवसात एका माणसाला चार-चारदा विधुर करायचं, मला नाही झेपलं. पण ‘येतील हं दहा मिनिटांत’ असंही मी सांगत नाही. काहीजण मग दाराशी खुर्ची टाकून बसतात. मी म्हणते, ‘तुम्हाला त्यांची आठवण आली का? काय करायच्या त्या चांगलं?’ मग ते पुरणपोळीवर येतात, तांबड्या रश्श्यावर येतात. तुम्ही तर कोल्हापूरच्या, विषय तास-दीड तास जाईल.

मात्र एक लक्षात ठेवा. घालमेल नेहमीची नसून एकदम दोन दिवसांत वाढली, माणूस भलतंच बरळायला लागला, तर आजार वाढला म्हणून सोडून देऊ नका. लघवीची तपासणी करा, रक्तातलं सोडियम बघा, पोट साफ होतंय का बघा. लघवीतल्या जंतूंनी म्हातारं माणूस ताप न येतासुद्धा भ्रमिष्टासारखं वागतं. औषध दिलं की बहुतेकदा पूर्वीइतकं जाग्यावर येतं.

दिवाळीला तिथल्या बायकांना साड्या द्याव्यात का? रोख दिलेलं चालतं का?
– एक आजी, सदाशिव पेठ, पुणे

रोख. साड्या आमच्याकडे सतरा आहेत, सगळ्या मोरपंखी. पण द्यायचं ते ऑफिसात सांगून, सगळ्यांना सारखं द्या. रात्रपाळीच्या आणि संडास धुणाऱ्या बाईला विसरू नका, ती तुम्हाला कधी दिसत नाही म्हणून सांगते.

मी आश्रमात केअरटेकर आहे. एक आजोबा आंघोळ घालताना नको तिथं हात लावतात. मॅनेजरना सांगितलं तर ‘म्हातारं माणूस आहे, सांभाळून घे’ म्हणाले. काम सोडावं का?
– नाव-गाव नको

पोरी, आधी हे ऐक: तुझं काही चुकलेलं नाही, आणि ‘सांभाळून घे’ हे उत्तर नाही.

ह्यात दोन प्रकार असतात. मेंदूच्या काही आजारांत माणसाचा लगामच सुटतो. जन्मभर मान वर करून न बघितलेला माणूस असं वागतो. त्यांना रागे भरून उपयोग नाही. तिथं रीत बदलायची. एकटीनं आंघोळ घालायची नाही, शक्य तर मामांना, म्हणजे पुरुष अटेंडंटला लावायचं. समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. त्यांच्या दोन्ही हातांत काहीतरी द्यायचं, एका हातात तांब्या, एका हातात टॉवेल. हात गुंतले की निम्मं थांबतं. आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचंच.

दुसरा प्रकार शुद्धीत असतो. आमच्याकडे एक होते, पेपरमधलं कोडं रोज पेनानं सोडवायचे, म्हणजे डोकं किती जाग्यावर ते बघ. त्यांनी माझ्या कंबरेला हात लावला. मी भर हॉलमध्ये, सगळे चहा पीत असताना, मोठ्यानं म्हटलं, ‘काका, हात कुठं जातोय?’ कप खाली ठेवल्याचे आवाज ऐकू आले नुसते. परत हात गेला नाही. पण सगळ्यांना असं जमेल असं मी म्हणत नाही. मी तेव्हा चाळिशी गाठली होती आणि माझी जीभ तिखट आहे.

प्रकार कुठलाही असो, रिपोर्ट बुकात लिही. तारीख, वेळ, काय केलं, सोबत कोण होतं. गोलमोल नको. पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्याकडे लेखी तक्रार कर, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. समिती नसेल किंवा माणसं दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिच्याकडे जाता येतं. आधी एवढं कर. मग सोडायचं का ते तुझं तू ठरव.

माझ्या नाईट ड्युटीत एक आजी बाथरूमला जाताना पडल्या. मांडी मोडली. संस्थेनं माझा पगार कापला. मी तेव्हा दुसऱ्या पेशंटला बघत होतो. चूक माझी का?
– अटेंडंट, पनवेल

दादा, माझ्याकडून पडलेल्या आजींचं सांगते. ही गोष्ट माझ्या आधीच्या जागेतली, जिथं मी पहिल्यांदा नाईट केली. रात्री अडीचचा सुमार. वॉर्डात मी एकटी. एका आजोबांचं अंग सगळं भरलं होतं, मी त्यांना कुशीवर धरून पुसत होते. पलीकडच्या खोलीत कॉट करकरली. मला कळलं, आजी उठताहेत. हातातलं पाच मिनिटांचं राहिलं होतं. आजोबांना तसंच सोडलं असतं तर ते खाली पडले असते. म्हटलं, पाच मिनिटं. आणि मग तो आवाज झाला. ओला टॉवेल आपटल्यासारखा.

गेले तर आजी फरशीवर, उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि तळवा बाहेर वळलेला. तेव्हा मला कळलं नाही, आता बघितल्याबरोबर कळेल, खुब्याचं हाड मोडलं की असंच दिसतं. मी वेड्यासारखी त्यांना ओढून कॉटवर घेतलं. तेही चूक. पडलेल्याला लगेच उभं करायचं नाही, ओढायचं नाही, जागीच डोक्याखाली उशी द्यायची, दुखतंय कुठं विचारायचं, आणि मदत बोलवायची.

सकाळी मला सांगितलं गेलं, ‘राउंड घेतला होता, पेशंट न सांगता उठल्या, असं लिही.’ मी लिहिलं. वॉर्डात एकटी होते हे लिहिलं नाही. आजींचं ऑपरेशन झालं, पण परत चालल्या नाहीत. त्यांचा मुलगा ते पान वाचून मला म्हणाला, ‘तुमचा दोष नाही मावशी.’

म्हणून सांगते, खरं लिहा. किती वाजता, तुम्ही कुठं होता, कोणाला धरलं होतं, आणि त्या रात्री वॉर्डात माणसं किती आणि अटेंडंट किती. हा आकडा वहीत येऊ द्या. पगार कापल्याचं लेखी कारण मागा आणि न ऐकल्यास कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जा. चूक तुमची का, मला विचारलंत. मला माझ्याच त्या पाच मिनिटांचं उत्तर नाही.

एक एजंट इंग्लंडला केअर होममध्ये नोकरी लावतो म्हणतो. व्हिसासकट आठ लाख मागतो. शेत गहाण टाकावं लागेल. तुमच्या माहितीत कोणी गेलंय का?
– तरुण, संगमनेर

शेताला हात लावू नका. इंग्लंडनं केअर वर्कर म्हणून परदेशातनं नवी माणसं घेणं २२ जुलै २०२५ पासून बंद केलंय. त्याआधी, ११ मार्च २०२४ पासून, बायकापोरांना सोबत नेणंही बंद झालं होतं. आता कोणी त्या व्हिसाचे पैसे मागत असेल तर तो काय विकतोय ते त्यालाच विचारा.

आमच्याकडची एक मुलगी बंद व्हायच्या आधी गेली. तिचे फोन येतात. तिथं उचलायला यंत्र असतं, होइस्ट म्हणतात, आणि दोघं असल्याशिवाय उचलायला परवानगी नाही. ऐकून माझ्या कंबरेलाच बरं वाटलं. पण ती म्हणते, ‘मावशी, इथं एका घरातून दुसऱ्या घरात धावायचं, वीस मिनिटं एका आजीला, त्यात तिला बोलायचं असतं आणि माझं घड्याळ.’

जायचंच असेल तर जपानचं बघा, तिथं ह्या कामाला ‘कायगो’ म्हणतात. पण आधी भाषा शिकावी लागते, परीक्षा असते. एजंट परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेटच्या यादीत नोंदलेला आहे का ते आधी तपासा. नोंदलेल्या एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त फी घेता येत नाही.

शेजारच्या आजोबांना मुलगा आश्रमात सोडून गेला, पैसे भरत नाही, फोन उचलत नाही. घर आजोबांनी आधीच त्याच्या नावावर केलंय. काही करता येतं?
– शेजारीण, बार्शी

येतं. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. प्रांत ऑफिसात अर्ज करायचा, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहाचा हुकूम होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं असेल आणि सांभाळत नसेल, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. पण अट कागदावर आहे का ते बघा, तिथंच बहुतेक घोडं अडतं. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. तुम्ही फोन लावून द्या आणि बोलू द्या आजोबांनाच, बोलता येत असेल तर. आमच्याकडचे बरेचजण शेवटच्या क्षणी ‘नको, पोराला त्रास’ म्हणून अर्ज मागे घेतात. त्याला माझ्याकडे औषध नाही.

मावशी, खरं सांगा. म्हातारपणी तुम्ही स्वतः आश्रमात राहाल का?
– एक वाचक, मिरज

मला परवडला तर! आमच्याच वॉर्डाचं महिन्याचं बिल माझ्या पगारापेक्षा जास्त आहे.

पण समजा जमलंच, तर खिडकीचा बेड नको. सगळ्यांना खिडकीचा हवा असतो, पण डिसेंबरात पहाटे तिथनं वारं येतं ते मला माहीत आहे. दाराजवळचा सात नंबर द्या. तिथनं नाईटची मुलगी खुर्चीवर पेंगते की जागी आहे ते दिसतं. आणि कागद मी आत्ताच लिहून ठेवलाय, पर्समध्ये असतो: डाव्या कुशीवर झोपते. आंघोळीला पाणी कडक. चहात साखर घाला, डायबिटीस झाला तरी अर्धा चमचा घाला. कपाळावर पांढरं नको, माझं कुंकू मी नवरा गेल्यावरही लावते. अंग पुसताना गप्प बसू नये, भाजीचा भाव सांगावा.